आधी पाहिलेल्या जागा

माझ्या बायकोनं ताजमहाल पाहिलेला नाही, हे मला लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेल्यावर कळलं. मी स्वतः तिला दोनदा आग्र्याला घेऊन गेलो होतो. त्याचे फोटो आहेत, माझ्या हस्ताक्षरातली वेळापत्रकं आहेत, दोन्ही खेपांना तिथून आणलेल्या संगमरवरी डब्या कपाटात आहेत. एखादी गोष्ट कागदावर असली म्हणजे ती घडलीच, असं मी जन्मभर धरून चाललो. आता धरत नाही.

आम्ही चेन्नईजवळ अंबत्तूरला राहतो. आमचं घराणं तंजावरकडचं, घरात मराठी बोलणारं आणि कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. मी शेजारच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात प्लॅनिंग सेक्शनला होतो. कुठला सुटा भाग कुठल्या मशीनवर किती मिनिटं राहील, हे ठरवण्यात माझी सगळी नोकरी गेली. मधली सहा वर्षं बदलीवर पुण्याजवळ काढली. तिथं माझी मराठी घासूनपुसून निघाली. माझ्या आईला तिकडची थंडी मानवेना, म्हणून बायको तिच्याजवळ इथेच राहिली. त्यामुळे तिची मराठी जशी होती तशीच राहिली, जुन्या वळणाची, तमिळ हेल असलेली. मुलगा तमिळमध्येच जास्त रमतो. सून नाशिकची, ती आमचं बोलणं ऐकून पहिले सहा महिने गालातल्या गालात हसत होती.

गेल्या वर्षी या दोघांनी टूम काढली की कॅराव्हॅन भाड्यानं घ्यायची. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास, सगळं असलेली लांबलचक गाडी. चेन्नईहून निघायचं ते थेट अमृतसरला पोचायचं, आणि पाच आठवड्यांत परत. दोघं आळीपाळीनं चालवणार, वाटेत लॅपटॉपवर ऑफिसचं काम करणार. आम्हा दोघांना बरोबर नेणार. मला कोणी काय हवं ते म्हणा, पण प्लॅनिंग हा शब्द कानावर पडला की माझ्या अंगात वारं भरतं. कुठं थांबायचं, काय बघायचं, किती वेळ बघायचं, हे सगळं मी माझ्याकडे घेतलं. मुलगा "सरी अप्पा" म्हणाला, म्हणजे बरं आहे, तसं. त्याच्या आवाजात फारशी खुशी नव्हती, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर भारताचा मोठा नकाशा पसरला. सुनेनं रंगीत टिकल्या आणल्या होत्या: हिरवी म्हणजे नक्की, पिवळी म्हणजे जमलं तर. बायको टेबलाच्या कडेला गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मुलानं एक नियम सुचवला आणि तो मला फार आवडला. तो म्हणाला, एकदा पाहिलेल्या जागा वगळायच्या. आधीच पाच आठवडे कमी पडणार, जे बघून झालंय तिथं पुन्हा कशाला जायचं.

या नियमानं मी अगदी फुशारून गेलो, कारण बघून झालेल्या जागांची यादी माझ्याकडे मोठी होती. सरकारी नोकराला काही वर्षांतून एकदा कुटुंबासह देश बघायला सवलत मिळते, तिला आम्ही एलटीसी म्हणतो. आवडी गावच्या क्वार्टर्समध्ये बरेच लोक ती सवलत कंटाळून सोडून द्यायचे. मी एकही सोडली नाही. मी कपाटातून अल्बम काढले, एकावर एक रचले आणि नकाशावर बोट ठेवत सुटलो. हंपी, झालंय. वेरूळ, झालंय. सांची, खजुराहो, झालंय. सून एकेक टिकली उचलून परत डबीत टाकत होती. आग्र्यावर तर मी बोट आपटलं आणि म्हणालो, "दोनदा झालंय."

तेव्हा बायकोनं सुनेला विचारलं, "त्या गाडीच्या दाराला कुलूप असतं कां?"

"हो आई, पूर्ण गाडीच लॉक होते."

"म्हणजे सामान आंत ठेवून असक्यांनीं उतरायचं?" असक्यांनी म्हणजे सगळ्यांनी.

"हो. सगळे उतरायचे, बटण दाबायचं, झालं."

"कोणीं बसायला नको?"

"कशाला बसायचं?" सून म्हणाली.

बायकोनं हातातली शेंग मोडली, दोरा काढून ताटलीत टाकला आणि शांतपणे म्हणाली, "मग आग्रा यादींत राहूं द्या."

मी हसलो. मला वाटलं हिचं लक्ष नव्हतं. म्हटलं, "अगं, आग्रा दोनदा झालंय आपलं."

"तुमचं झालंय," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. चौकशी केल्यावर कारकून सांगतो ना, अमुक फाईल त्या टेबलावर आहे, तितक्याच सरळपणानं तिनं सांगितलं. मी मात्र चिडलो. मला माझ्या यादीत कोणी चूक दाखवलेली खपत नाही. मी अल्बम उघडला, आग्र्याचं पान काढलं आणि तिच्यासमोर धरलं. लाल दगडाचा उंच दरवाजा, त्याच्यापुढे ती उभी, पायाशी वेताची टोपली आणि पाण्याचा चंबू. "ही कोण?" मी विचारलं.

तिनं चष्मा नाकावर चढवून पाहिलं. "मीच कीं. ते बाहेरचं दार. तिथवर आलें होतें मी."

सुनेला माझ्या आधी कळलं. तिनं अल्बम माझ्या हातातून घेतला आणि एकेक पान उलटायला लागली. मग एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, हे वेरूळचं फाटक आहे. हे सांचीचं. हे बहुतेक खजुराहोचं, इथंही फाटकच. आई प्रत्येक फोटोत बाहेर आहेत."

मी ते फोटो शंभर वेळा पाहिले असतील. आल्यागेल्याला दाखवले असतील. प्रत्येक फोटोत ती होती, हसत होती, म्हणून माझ्या लेखी ती तिथं गेली होती. आतले फोटो वेगळे. आतल्या फोटोंत माझी आई, मुलगा, एकदा माझी बहीण, आणि नुसते खांब आणि घुमट. मी पुन्हा पहिल्या पानापासून पाहायला सुरुवात केली. एखादा तरी फोटो निघेल म्हणून आशेनं पाहत होतो. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, हे सांगायला आता लाज कसली.

हे असं का झालं, ते सांगायला हवं. माझी आई बाहेरचं खात नसे. हॉटेलचं नाही, रेल्वेचं नाही, ओळखीच्याच्या घरचंसुद्धा पारखून. तेव्हा प्रवासात आमच्याबरोबर स्वयंपाकघर चाले: घासलेटचा स्टोव्ह, चिंचेच्या भाताचा डबा, दह्याचा सट, लोणच्याची बरणी, पिण्याच्या पाण्याचा चंबू. हे सगळं एका मोठ्या वेताच्या टोपलीत आणि दोन कापडी पिशव्यांत. स्टेशनवरची क्लोकरूम कुलूप नसलेलं सामान घेत नाही, आणि टोपलीला कुलूप कुठून लावणार? ट्रंका तिथं ठेवायच्या आणि टोपली बरोबर घ्यायची. परक्याचा हात लागला तर आई दिवसभर उपाशी बसायची. माकडं वेगळीच. म्हणजे कोणीतरी टोपलीजवळ बसणं आलं.

मी काही राक्षस नव्हतो. मी नियम केला होता: आळीपाळीनं. अर्ध्यांनी आधी जायचं, मग उरलेल्यांनी. तो नियम मला स्पष्ट आठवत होता, आणि त्याचाच मला आधार वाटत होता. अल्बमच्या मागच्या खिशात प्रत्येक प्रवासाचं वेळापत्रक मी घडी घालून ठेवलेलं आहे. मी ते कागद काढले. आग्रा: आगमन दहा दहा, पाहणे पन्नास मिनिटे, प्रस्थान अकरा. सांची: पाहणे चाळीस मिनिटे. वेरूळ: दीड तास. सगळीकडे एकाच पाळीचा वेळ. दुसऱ्या पाळीसाठी मी एका कागदावर, एका जागी, एक मिनिटसुद्धा ठेवलं नव्हतं. कारखान्यात एखादा भाग मशीनवर चढवायला मी वेळ विसरलो असतो तर मेमो मिळाला असता. इथं चाळीस वर्षं माझी चूक माझ्याच सुवाच्य अक्षरात घडी घालून ठेवलेली होती आणि मी ती कौतुकानं जपत होतो.

मुलगा म्हणाला, "अप्पा, पाणी घ्या."

सुनेनं एक बेरीज केली. अल्बममध्ये एकंदर एकतीस जागा होत्या. बायको आत गेली होती ती पाच ठिकाणी. पाचही देवळं, कारण तिथं आईचा हात धरायला कोणीतरी लागायचं आणि सामान धर्मशाळेत असायचं.

"आणि आजी गेल्यावर?" सुनेनं विचारलं. "तेव्हा तर टोपलीची गरज नव्हती."

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आई गेली त्याला वीस वर्षं होत आली. त्यानंतरही आम्ही हिंडलो. त्यानंतरच्या फोटोंतही टोपली होती. आई गेली, तिचा सोवळ्याचा नियम गेला, आम्ही हॉटेलात इडली खायला लागलो, आणि तरी टोपली बरोबर येत राहिली आणि तिच्याजवळ ही बसत राहिली. का, ते मला सांगता येईना. बायको म्हणाली, "सवय." आणि गवार घेऊन स्वयंपाकघरात गेली.

पुढचे काही दिवस मी भ्रमिष्टासारखा वागलो. दूध आणायला जायचो आणि दही घेऊन यायचो. अंबत्तूर स्टेशनवर एरवी मी गाडी किती मिनिटं उशिरा आली तेवढंच बघतो. आता मला फलाटावर गाठोड्यांपाशी बसलेल्या बायकाच दिसायला लागल्या. त्या किती आहेत हे पाहून मी हबकलो. सगळ्यात जास्त छळलं ते एका आठवणीनं. निवृत्तीच्या दिवशी सेक्शननं मला निरोप दिला, तेव्हा मी भाषणात छाती फुगवून सांगितलं होतं की मी फार काही कमावलं नाही, पण आमच्या मंडळींना सगळा देश दाखवला. टाळ्या पडल्या होत्या. ती पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर माझा हार आणि शाल घेऊन. तिनंही टाळ्या वाजवल्या होत्या.

शेवटी एका दुपारी मी विचारलं. ती कपडे घड्या करत होती. म्हटलं, "तू एकदाही बोलली कशी नाहीस?"

"काय बोलायचं?"

"की मला आत जायचंय म्हणून."

"तुम्हीं बाहेर यायचांत तें बोलतच. लांबी इतकी, उंची इतकी, कोणीं बांधलं, किती वर्षं लागलीं. मग घड्याळ बघायचांत आणि म्हणायचांत, चला, गाडी चुकेल. मी टोपली उचलायचें."

"म्हणजे मी सांगितलं म्हणून तुला बघितल्यासारखं वाटायचं?"

"तसं नाहीं," ती म्हणाली. "तुम्हांला तसं वाटायचं."

मग तिनं मला बाहेरचं सांगितलं. कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. कोणार्कच्या फाटकाशी काजू विकणारी एक बाई होती. हिला उडिया येत नाही, तिला तमिळ येत नाही, तरी दोघी तासभर बोलल्या आणि निघताना त्या बाईनं हिच्या कपाळाला शेंदूर लावला. आग्र्याला एक नवं जोडपं हिच्यासमोर कडकडून भांडलं, नवरी रागानं आत गेलीच नाही, हिच्याजवळ टोपलीशी बसून चिंचेचा भात खाऊन गेली. वेरूळला एक म्हातारे शिपाई रोज बाहेर बसून कंटाळले होते, त्यांनी हिला सांगितलं की मीही तीस वर्षांत दोनदाच आत गेलोय. मी ऐकत राहिलो. हे सगळं माझ्या पाठीमागे, भिंतीच्या पलीकडे चाललं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला एकीकडे बरंही वाटायला लागलं, की चला, म्हणजे हिलाही काही मिळालं. मी तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, "मग तुझाही प्रवास झालाच की."

तिनं हातातली घडी खाली ठेवली. "बाहेरचं बरं होतं," ती म्हणाली. "पण मला आंतलं बघायचं होतं."

मी पुन्हा कागद घेतला. माणसाला जे येतं तेच तो करतो. तीन दिवस खपून मी नवं वेळापत्रक केलं: एकतीसमधून पाच गेल्या, उरल्या सव्वीस जागा, सगळ्या मार्गावर बसवल्या, प्रत्येक ठिकाणी दोन तास, आणि प्रत्येक नोंदीपुढे लाल शाईनं तिच्यासाठी खूण. वाट वाकडी करून कोणार्कसुद्धा घातलं. मुलानं ते पाहिलं आणि म्हणाला, "अप्पा, हे करायला पाच महिने लागतील." मी तिला दाखवलं. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"ही तर तुम्हीं मला ड्यूटी लावलीत," ती म्हणाली.

"मग तूच सांग. तुला काय बघायचंय?"

हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो, हे विचारल्यावर माझ्या लक्षात आलं. माझी पेन्सिल घेऊन ती एकेक नाव खोडत गेली. शेवटी आग्रा उरलं, वेरूळ उरलं. मग तिनं खाली एक नाव स्वतः लिहिलं, आणि ते मी दोनदा वाचलं. महाबलीपुरम.

महाबलीपुरम आमच्या घरापासून दोन तासांवर आहे. गावाकडून, पुण्याहून, कुठूनही पाहुणे आले की पहिला रविवार तिथला ठरलेला. मी किती वेळा गेलो असेन याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी ती होतीच. डबे तीच करायची, डबे घेऊन तीच बसायची.

"तिथंही नाही?" मी विचारलं.

"समुद्र दिसतो बाहेरून," ती म्हणाली.

गाडी पक्की करण्याआधी एक दिवस चालवून पाहायला मिळते. मुलानं लगेच ठरवलं की चाचणीची फेरी महाबलीपुरमची करायची. सकाळी लवकर निघालो. वाटेतलं कोवलम गाव मागे पडलं, मासे घेऊन बसलेल्या बायका रस्त्याच्या कडेला दिसल्या, खिडकीतून वारा आला. बायको मागच्या बाकावर बसली होती, मांडीवर काही नव्हतं. ती हात कुठं ठेवावे ते कळत नसल्यासारखी ते एकमेकांवर ठेवत होती आणि काढत होती. तिनं ठेवणीतली हिरवी कांजीवरम नेसली होती. मी म्हटलं, वाळूत खराब होईल. ती म्हणाली, होऊं दे.

पोचल्यावर मुलानं गाडी सावलीत लावली. उतरतो तर बेसिनखालून पाण्याची धार लागलेली. सुनेला त्याच वेळी ऑफिसचा फोन आला, ती झाडाखाली जाऊन बोलायला लागली. मुलगा गाडीखाली वाकला. आता गाडीत काही बिघडलंय आणि मी बाजूला उभा आहे, हे माझ्याच्यानं होणं शक्य नव्हतं.

"तू पुढं हो," मी बायकोला म्हटलं. "हे बघतो आणि आलोच पाच मिनिटांत."

"मी एकटी जातें," ती म्हणाली, आणि मला वाटलं तिला ते आवडलं. तिकीट मुठीत धरून, रिकाम्या हातानं, ती ताठ चालत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत राहिलो. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला वाटलं की एका सकाळी आपण बरंचसं फेडलं.

पाच मिनिटांची चाळीस झाली. नळीचा जोड ढिला होता, तो मी सांगत होतो तिथं नव्हता, मुलाला सापडला. मग सून फोन संपवून आली, गाडीला कुलूप लावलं आणि आम्ही तिघं फाटकाकडे निघालो. मी भराभर चालत होतो. मनात ठरवलं होतं की आज मी एकही लांबी-रुंदी सांगणार नाही. तिनं काय पाहिलं ते तिलाच सांगू द्यायचं.

ती फाटकाच्या अलीकडेच होती. झाडाखालच्या कट्ट्यावर, हिरव्या साडीचा पदर आवरून बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना पिशव्या होत्या. एक निळी, एक मोठी काळी, डब्यांची एक, बाकीच्या प्लास्टिकच्या, आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन.

मी जागच्या जागी थांबलो. मला आधी वाटलं की मला भास होतोय.

"ह्या कोणाच्या?" मी विचारलं.

"तिरुवण्णामलैकडचीं माणसं," ती म्हणाली. "त्यांची म्हातारी चालेना. दोघांनीं धरायला लागत होतं. इथं आलीं, मला म्हणालीं, अम्मा, जरा पात्तुक्कोंगो." जरा लक्ष ठेवा, म्हणून.

"आणि तू बसलीस?"

"मीच होतें इथं."

माझा संताप झाला, आणि तो कोणावर करावा ते कळेना. त्या फाटकाशी पन्नास माणसं उभी होती. त्या लोकांनी सगळ्यांकडे नजर टाकली असेल आणि नेमकी हिला निवडली. म्हणजे हिच्या चेहऱ्यावर ते आलेलं आहे. चाळीस वर्षं मी हिला बसवत गेलो, आता माझी गरजही उरली नाही; परकं माणूससुद्धा हिला बघून ओळखतं. सून मागं वळून उभी राहिली. मुलगा म्हणाला, "अम्मा, एऴुन्दिरु." ऊठ. तो भांबावला की तमिळमध्येच बोलतो.

"त्यांना येऊं दे," ती म्हणाली. "विश्वासानं दिलंय."

"मी बसतो," मी म्हटलं. "तू आत जा. आत्ता. या दोघांबरोबर."

तिनं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. मग उठली, पण लगेच निघाली नाही. "ही निळी आडवी करूं नका, आंत सांबार आहे. त्या काळीवर ऊन येईल, मग ती इकडे ओढा. कॅनचं झाकण ढिलं आहे." मी सगळ्याला हो म्हटलं. फाटकापाशी जाऊन तिनं एकदा मागं पाहिलं. मी हातानं पुढे जा अशी खूण केली. ती आत गेली.

मी कट्ट्यावर बसलो. फाटकातून माणसं आत जात होती आणि बाहेर येत होती, आणि कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. उठून पाय मोकळे करावेत तर पिशव्या. मी घड्याळ काढून ठेवलं. ठरवलं की दोन तास लागू देत, तीन लागू देत, आज आपण हलायचं नाही. तिला सगळं बघू दे, पुन्हा बघू दे, वाळूत बसू दे. मला तेवढा वेळ बसायचंच होतं. बसल्याशिवाय मला सुटका नव्हती.

दहा मिनिटांनी ती फाटकातून बाहेर येताना दिसली. एकटीच. मुलगा आणि सून बरोबर नव्हते. मला वाटलं चक्कर आली असेल, पडली असेल. मी उभा राहिलो. ती भराभर चालत येत होती, आणि तिची नजर माझ्यावर नव्हती. ओठ हलत होते. जवळ येईपर्यंत ती पिशव्या मोजत होती.

"काय झालं?" मी विचारलं. "देऊळ बघितलंस?"

"मन लागेना," ती म्हणाली, आणि निळी पिशवी सरळ करून माझ्याशेजारी बसली. "तुम्हांला सवय नाहीं."